अकर्स्ट झोपाळा

मंदाकिनीबाई खाडिलकरांना शिवी देता येत नसे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, तोंड कसं चोख! पण राग तर येतोच. त्यासाठी त्यांनी एक जुना इंग्रजी शब्द हाताशी ठेवला होता : 'अकर्स्ट'. म्हणजे शापित. जुन्या नाटकांतले राजे शत्रूला तसं म्हणायचे. आता इंग्रजसुद्धा सहसा म्हणत नाहीत. बाई म्हणायच्या. दूध उतू गेलं, अकर्स्ट. लिफ्ट अडकली, अकर्स्ट. कुणी अर्थ विचारलाच, तर त्या इतक्या हौसेनं समजावून सांगत, की तेवढ्यात राग निवळून जाई.

त्यांच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बागेत एक झोपाळा होता. संध्याकाळी तिथं बी विंगमधले माधवराव येत. बँकेतून निवृत्त, बाईंसारखेच एकटे. बाई सगळ्या सोसायटीची यथेच्छ टवाळी करायच्या, माधवराव शेजारी बसून नुसते "हं" म्हणायचे. खोटं कशाला सांगा, बाई चक्क प्रेमात पडल्या होत्या.

पण हल्ली कॉलेजची पोरं झोपाळा बळकावून मोबाइल बघत बसू लागली. मग बाईंनी पुणेकरानं करायचं तेच केलं. पाटी लावली : 'हा झोपाळा अकर्स्ट, म्हणजे शापित आहे. अनुभव घ्यावयाचा असल्यास आमची हरकत नाही.'

परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांनी लांबूनच नमस्कार केला. बाई गजरा माळून ऐटीत जाऊन बसल्या. माधवराव आले, चष्मा सावरून त्यांनी पाटी वाचली आणि ते गुमान समोरच्या बाकावर जाऊन बसले! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

बाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. हा माणूस झोपाळ्यासाठी येत होता, की आपल्यासाठी? पाटी काढावी तर नाक कापलं जाणार. लावलेली पाटी आपल्या हातानं कुणी काढलीय का या शहरात?

चौथ्या दिवशी त्यांनी नाक खुंटीला टांगलं.

"अहो माधवराव, शाप-बिप काही नाही. पाटी मीच लावलीय."

"ठाऊक आहे. आपलं अक्षर ओळखतो मी."

"मग तिकडे का बसता?"

माधवराव खाली बघत म्हणाले, "मी रोज नुसता हं हं करतो. आपण कंटाळला असाल. वाटलं, पाटी माझ्यासाठीच आहे."

"अहो, पोरांना हाकलायला लावली ती! आपल्याला जागा मिळावी म्हणून!" बाईंचा आवाज चढला. "मला झोपाळा नकोय, आपण हवे आहात!"

योगासनं करणाऱ्या बायका एका पायावर तशाच थांबल्या.

माधवराव उठले, जवळ आले. "हेच पाटीवर लिहिलं असतंत, तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या," म्हणाले आणि बसले.

मग दोघांनी असा काही झोका चढवला, की बाईंची चप्पल उडून थेट बाकावर जाऊन पडली. बाई लहान मुलीसारख्या खिदळत सुटल्या, आणि त्यांनी कडी सोडून माधवरावांचा हात धरला, साऱ्या बागेदेखत.