नामवंतांच्या यादीतली संघप्रिया

मुरुमच्या बसस्थानकासमोर माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. त्याच्या जोडीला गेली बावीस वर्षं मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर आहे. संघप्रिया सुरवसेबद्दल मी आजवर दोन बातम्या छापल्या. दोन्हींत तिचा फोटो होता आणि भरपूर कौतुक होतं. जे खरं घडलं ते मात्र छापायचं राहिलं. आता तिची परवानगी घेऊन लिहितोय. तिची अट एकच, इंग्लंडमधल्या त्या शाळेचं नाव नको.

पहिली बातमी २००९ ची. संघप्रियाचे वडील नागसेन गवंडी. भीमनगरात दोन खोल्यांचं घर. एकुलती एक मुलगी पाचवीत परीक्षा देऊन तुळजापूरकडच्या सरकारी निवासी शाळेत गेली आणि दहावीपर्यंत तिथंच राहिली. तिथल्या एका बाईंनी तिच्याकडून एक अर्ज भरून घेतला होता. इंग्लंडमधली एक साडेचारशे वर्षांची खाजगी शाळा दरवर्षी परदेशातल्या दोन-तीन मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षं फुकट शिकवायची. मुलाखत फोनवर झाली आणि संघप्रियाची निवड झाली.

गावात सत्कार झाला. ज्यांना नागसेनच्या हातचं बांधकाम चालायचं पण त्याच्या घरचं पाणी चालत नव्हतं, तेही हार घेऊन आले. मी मथळा दिला, ‘मुरुमची लेक विलायतेला’. तो अंक नागसेननं घडी घालून वर्षानुवर्षं उशाला ठेवला.

तिथं काय होतं ते संघप्रियानं मला फार नंतर सांगितलं. जेवणाच्या दालनात भिंतभर लाकडी फळे होते आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत माजी विद्यार्थ्यांची नावं. न्यायाधीश, नौदलाचे अधिकारी, ध्रुवाकडं निघून वाटेत गोठलेला एक जण. एका फळ्यावर तिला एका लेफ्टनंटचं नाव दिसलं, ‘नळदुर्ग इथं तापानं मृत्यू, १८६१’. घास हातात ठेवून ती बघतच राहिली. मुरुमहून नळदुर्ग तासाभरावर. शेजारच्या मुलीला ती म्हणाली, “हा आमच्याकडं मेला.” त्या मुलीला काही कळलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच आपण घरापासून फार लांब आहोत असं वाटलं नाही, असं संघप्रिया म्हणाली.

शाळा सोडताना एक फॉर्म भरून द्यायचा होता. दहा वर्षांनी तुम्ही कुठं असाल, असा प्रश्न. तिनं लिहिलं, ‘मी माझ्या तालुक्यात मुलींसाठी शाळा काढलेली असेल.’ वय अठरा. तिकडच्याच विद्यापीठात प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही हातात होती. मधले दोन महिने घरी काढावेत म्हणून जून २०११ मध्ये ती मुरुमला आली.

एकोणिसाव्या दिवशी नागसेन परांचीवरून पडला. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचं काम होतं. सोलापूरच्या दवाखान्यात दीड महिना ठेवलं. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की दर तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. आई महानंदा अंगानं बारीक, तिच्यानं एकटीनं नागसेन हलायचा नाही. संघप्रियानं विद्यापीठाला कळवलं की एक वर्ष थांबते. त्यांनी जागा राखली. दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा पत्र लिहिलं, येत नाही म्हणून. आईला मात्र सांगितलं की जागा दुसऱ्याला दिली.

भिंतीकडं तोंड करून पडलेला नागसेन म्हणाला, “खोटं बोलतीस.”

“न्हाय ओ बाबा.”

“म्या पडलो, तूबी पडलीस.”

मुक्त विद्यापीठातून तिनं बी. ए. केलं. पुस्तकं न्यायला माझ्याच दुकानात यायची, घाईत, घड्याळ बघत. २०१५ मध्ये आमच्या गावातल्या हणमंतप्पांनी आपल्या टायरच्या दुकानावरच्या चार खोल्यांत इंग्लिश स्कूल काढलं. ते तिला घ्यायला घरी गेले. शाळा घरापासून चालत सहा मिनिटं. मधल्या सुट्टीत येऊन वडिलांची कूस बदलता येईल म्हणून ती हो म्हणाली. मूळ कागदपत्रं तपासायला लागतात असं सांगून हणमंतप्पांनी तिकडची बारावीची प्रमाणपत्रं, इथला समकक्षतेचा दाखला, बी. ए.ची पदवी, सगळं घेतलं आणि कपाटात ठेवलं. कागद परत कधी मिळालेच नाहीत. सगळ्याच शिक्षिकांचं तसं होतं.

मग बसस्थानकावर फ्लेक्स लागला, ‘इंग्लंडच्या ऐतिहासिक शाळेत शिकलेल्या शिक्षिका’. फोटो मीच काढला होता, मजकूरही माझाच. चार वर्षांनी शाळेची नवी इमारत झाली तेव्हा दुसरी बातमी छापली. शाळेच्या जाहिराती माझ्यामार्फत पेपरला जायच्या, हेही सांगून टाकतो.

संघप्रियाला लग्नाची स्थळं आली. आई-वडिलांना सोबत घेऊन येईन म्हटल्यावर गेली. उदगीरच्या एका निवासी शाळेतून नोकरीबद्दल विचारणा झाली. कागद नव्हते, आणि असते तरी रोज जाऊन येण्यासारखं अंतर नव्हतं. शाळेतली पोरं तिला ‘लंडन मॅडम’ म्हणायची. ती लंडनमध्ये राहिलेली नव्हती, हे सांगून ती थकली होती.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका दुपारी ती दुकानात आली. हातात मोबाइल.

“काका, हे कुणी पाठवलं?”

तिच्या त्या जुन्या शाळेचं संकेतस्थळ होतं. ‘नामवंत माजी विद्यार्थी’ असं पान. फळ्यांवरचे ते सगळे साहेब तिथं होते, खाली आताचे लोक, पदकविजेता नौकापटू, एक नट, एक शास्त्रज्ञ. आणि शेवटी संघप्रिया सुरवसे, ‘भारतातील ग्रामीण मुलींसाठी शाळा स्थापन करणाऱ्या शिक्षणतज्ज्ञ’. फोटो फ्लेक्सवरचाच.

मी म्हणालो, “माझ्याच दुकानातून गेलंय.”

हणमंतप्पांच्या पुण्यातल्या पुतण्यानं इंग्रजीत मजकूर लिहून दिला होता. मी फोटो स्कॅन करून जोडला आणि मेल धाडला. त्या शाळेशी नातं जुळलं तर आपल्या शाळेचं नाव होईल, असा हणमंतप्पांचा हिशेब. तिकडच्या लोकांनी संघप्रियाचा जुना फॉर्म काढून बघितला असणार. पोरगी म्हणाली होती तसं तिनं करून दाखवलं, असं त्यांना वाटलं.

“शाळा माझी न्हाय हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“मग?”

“आप्पा म्हणाले, तुझंच नाव होईल. मला वाटलं, त्यात तुझं काय वाईट...”

ती पुढं ऐकायला थांबली नाही. तिथूनच ती हणमंतप्पांकडं गेली. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, “यात खोटं काय हाय मॅडम? शाळेत मुली शिकतात का न्हाय? तुम्ही शिकवता का न्हाय? मग झालं की.”

“मी राजीनामा देते.”

“द्या की. कागदाचं आपण सवडीनं बघू. आणि एक सांगायचं राहिलं. जानेवारीत स्नेहसंमेलन हाय. तुमचे तिकडचे मुख्याध्यापक व्हिडिओवर येणार हायेत. नागसेनला आणायला मी जीप पाठवतो. त्याला सांगून आलोय मी मघाशीच. लई खूश झाला बघा.”

घरी गेली तर खरोखरच नागसेन खुशीत होता. बारा वर्षांत दवाखान्याखेरीज तो उंबऱ्याबाहेर गेला नव्हता. महानंदानं त्याचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला होता. “साहेबासंगं तू इंग्रजीत बोलणार,” तो म्हणाला. “म्या एकदाबी ऐकलं न्हाय तुझं इंग्रजी. आता बोल की थोडं.” ती वडिलांशेजारी बसली आणि खिडकी, बाज, घागर, दिसेल त्या वस्तूची इंग्रजी नावं सांगत राहिली. तो मान डोलवत होता. नाही म्हणायचा रस्ता तिथंच बंद झाला.

स्नेहसंमेलनाला मांडव भरला होता. मोठा पडदा लावलेला. नागसेन पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत, पट्ट्यानं बांधून बसवलेला, शेजारी महानंदा. मी कॅमेरा घेऊन बाजूला. पडद्यावर मुख्याध्यापक आले, पिकल्या केसांचे, हसरे. त्यांच्यामागं लाकडी भिंत दिसत होती. ते दोन मिनिटं बोलले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग संघप्रियानं माइक घेतला.

ती सावकाश, स्वच्छ इंग्रजीत बोलली. माझं इंग्रजी बेताचं, पण तिनं शब्दच इतके सोपे वापरले की मलाही कळलं. ती म्हणाली, “सर, ही शाळा मी काढलेली नाही. मी इथं पाचवी ते सातवीला शिकवते. माझ्याबद्दलची माहिती मला न विचारता तुम्हाला पाठवली गेली.” ती श्वास घ्यायला थांबली आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. “माझी प्रमाणपत्रं या शाळेच्या कपाटात बंद आहेत. मागितली तरी मिळत नाहीत.” पुन्हा टाळ्या. हणमंतप्पा सगळ्यांत जोरात वाजवत होते. “मी लिहून दिलं होतं ते माझ्या हातून झालं नाही. माझं नाव यादीतून काढा, एवढी विनंती.”

दोन-तीन शिक्षिकांना कळलं असावं. त्यांनी माना खाली घातल्या. त्यांचेही कागद त्याच कपाटात होते. मी कॅमेऱ्याच्या मागं उभा राहून बटण दाबत राहिलो.

पडद्यावरच्या मुख्याध्यापकांचं हसू गेलं. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्ही सुरक्षित आहात ना?”

“हो,” ती म्हणाली. “माझे वडील समोर बसलेत.”

मुख्याध्यापकांनी हात जोडून नागसेनला नमस्कार केला. नागसेननं “जय भीम” म्हणून हात जोडले. मांडव दणाणून गेला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती. नागसेन बाजेवर होता, सदरा अजून अंगातच.

“काय बोललीस गं त्यांना?” त्यानं विचारलं.

“धन्यवाद मानले, बाबा.”

“तो साहेब हसायचा थांबला. म्या बघितलं.”

मग तिनं सगळं सांगितलं, मराठीत, पहिल्यापासून. फॉर्ममध्ये काय लिहिलं होतं तेही. नागसेन ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “म्या टाळ्या वाजवल्या त्याला.” आणि त्यानं तोंडावर हात घेतला. महानंदा उठून चुलीकडं गेली. माझी माफी तशीच राहिली, ती मागायला तिथं जागाच उरली नाही.

आठवड्यात यादीतलं नाव निघालं. पुतण्यानं चित्रीकरण पाहिल्यावर हणमंतप्पांना कळलं काय बोलणं झालं ते. फ्लेक्स उतरला आणि एप्रिलपासून संघप्रियाचं कामही बंद झालं. कागद त्यांनी दिले नाहीत. मी तिला म्हणालो, “मी छापतो सगळं. आप्पांच्या जाहिराती गेल्या तर गेल्या.”

“नको काका,” ती म्हणाली. “तुमच्या बातमीत मी परत कुणीतरी दुसरीच होईन.”

इंग्लंडच्या शाळेचं पत्र तिच्या मेलवर आलं. चूक झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली होती, प्रमाणपत्रांच्या दुसऱ्या प्रती पाठवायची तयारी दाखवली होती, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रणही होतं, येण्या-जाण्याची सोय ते करणार. तिनं प्रती मागवल्या. मेळाव्याला येऊ शकत नाही म्हणून कळवलं. पासपोर्टची मुदत संपूनही पाच वर्षं झाली होती. तो ट्रंकेत तळाला आहे असं ती म्हणाली.

जाड पाकीट माझ्याच दुकानाच्या पत्त्यावर आलं. समोरच उभं राहून तिनं ते उघडलं, कागद उजेडात धरून बघितला आणि तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या. मुक्त विद्यापीठाकडून पदवीची दुसरी प्रत यायला पावसाळा संपला.

गेल्या वर्षी प्रवेश परीक्षा देऊन तिला उमरग्याला बी. एड.ला जागा मिळाली. दिवसभर वडिलांची कूस बदलायला महानंदाच्या मदतीला शेजारच्या धुरपताबाई येतात. संघप्रिया सकाळच्या बसनं जाते, दुपारच्या बसनं परत येते. त्यापुढं तिला जाता येत नाही. वर्गातल्या मुली एकदा सहलीला निघाल्या, तेव्हा तिनं नाव दिलं नाही. पुढं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, “दोन वर्षं तर जाऊ द्या.”

परवा परतीची बस मुरुमच्या अलीकडं चार किलोमीटरवर बंद पडली. इतर लोक दुसऱ्या गाडीची वाट बघत थांबले. ती उन्हात चालत निघाली, मध्येमध्ये पळत. घरी पोचली तेव्हा धुरपताबाई नुकत्याच कूस बदलून गेल्या होत्या, नागसेन झोपला होता, महानंदाचाही डोळा लागला होता. संघप्रियानं दारातून आत डोकावून पाहिलं. आत गेली नाही. पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि रस्त्यानं जाणारी माणसं बघत राहिली. मला हे सांगताना तिला थोडं हसू आलं. म्हणाली, “काका, अर्धा तास बसले. कुणी हाक मारली न्हाय.”