अकरा दोरांची मोटारसायकल

आमच्या दाजींनी बांधलेली वस्तू आजवर कोणालाही सोडवता आलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून नाशिकमधली प्रत्येक वस्तू आता उडणारच आहे, असं धरून चालतात. ताई दिवाळीचा चिवडा पाठवते, पण डबा दाजी बांधतात, त्यामुळे आम्ही तो तुळशीच्या लग्नाला खातो. एकदा त्यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी चारी बाजूंनी तारेने जखडली. भरलेली टाकी वाऱ्याने कशी उडेल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आणि पाणी आलं नाही तर?" या माणसाशी वाद घालता येत नाही.

कारखान्यात असताना दाजी आणि त्यांचे कळवणचे एक मित्र एकाच मोटारसायकलवरून कामावर जायचे. दाजी पुढे, मित्र मागे. ती गाडी आजही दाजींच्या हॉलमध्ये असते आणि टीव्ही बाहेर व्हरांड्यात. गेल्या वर्षी मित्राला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. परवा फोनवर ते एवढंच म्हणाले, "गाडी एकदा दाखव रे." दाजींचा गुडघा बदललेला, किक मारायची सोय नाही, म्हणून ट्रॉलीवर घालून न्यायचं ठरलं. "एक ओरखडा न येता आणतो," असा शब्द दाजींनी दिला आणि आमचे हाल सुरू झाले.

ट्रॉली टोमॅटो वाहणाऱ्या एका जीपवाल्याची होती. "स्टँडवर उभी करून बांधतो तो गाढव," असं त्याला सुनावून दाजींनी पुढचं चाक फळीला टेकवलं, हँडलला दोन्हीकडून दोर लावून पुढचे शॉकॲब अर्धे दबेपर्यंत खाली ओढले आणि मागून आणखी दोन दोर ताणले. पेट्रोलच्या टाकीवर ताईचे नवे टॉवेल गेले. काम चार दोरांत झालं होतं. दाजींनी अकरा बांधले. बाकीचे सात कशाला, तर पहिल्या चारांवर लक्ष ठेवायला. "काका, मी शंभर क्रेट एका दोरावर नेतो, एक टमाटा सांडत नाय," जीपवाला कळवळून म्हणाला. "टमाट्याला कोणी शब्द दिलेला नसतो," दाजी म्हणाले.

दिंडोरीला थांबून तपासणी झाली. वणीला पुन्हा झाली. तिथे चहाच्या टपरीवरच्या एका म्हाताऱ्याने ते टॉवेल, ते दोर नीट बघून हळूच विचारलं, "पेशंट लय शिरियस हाय का?" दाजींनी चहा अर्धा टाकून सगळ्यांना जीपमध्ये बसवलं.

कळवणला मित्र अंगणात खुर्चीवर वाट बघत बसले होते. दाजी गाठी सोडायला लागले. अर्धा तास गेला, घाम निथळला, नखं तुटली, पण स्वतःच मारलेली पहिली गाठ काही हलेना. जीपवाल्याने विळा काढला. दाजींनी तो हिसकावून फेकला. मला हसू आवरेना.

तेवढ्यात मित्र जड जिभेने म्हणाले, "खाली नको घेऊ गड्या. मलाच वर घे."

"पडशील."

"ही पडती का?"

दाजींनी हँडल हलवून पाहिलं. गाडी ढिम्म. साध्या उभ्या गाडीवर ज्याला कोणी बसू दिलं नसतं, त्या माणसाला आम्ही तिघांनी उचलून तिच्यावर बसवलं. दाजी पुढे बसले. मित्राचा तोल उजवीकडे जायला लागला, तसा दाजींनी गमछा त्यांच्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर बांधला. मित्राने डावा हात दाजींच्या खांद्यावर ठेवला.

"कुठं घेऊ?" दाजींनी विचारलं.

"ड्यूटीवर. उशीर झालाय."

दाजींनी मूठ पिळली आणि तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला सुरुवात केली. अंगणात कोणी हसलं नाही. इतकी वर्षं या माणसाची थट्टा केल्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली. मागे बसलेल्या मित्राचे डोळे वाहत होते, पण दाजींना ते दिसत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते. दोघं तासभर तसेच बसून होते आणि आम्ही खाली उभे राहिलो.