उन्हात चढलेला सेल

डोंबिवलीत कुणालाही विचारा, मन्याच्या पोटात काही राहत नाही. साधा चहा प्यायलो तरी त्याची गोष्ट करून चौघांना पाजतो. कसाऱ्याच्या घाटात बंद पडलेली लॉरी मी टॉर्चच्या दोन सेलांवर सुरू केली, हे तुमच्याही कानावर आलं असेल. (सेल चार होते. आणि लॉरी उतारावर होती.) अशा माणसानं ‘हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही’ म्हणावं, तर ऐकणारा आधीच हसू लागतो. हसा. पण हे खरंच सांगितलेलं नाही. गंमत अशी की हीच गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे — आणि एकदाही सांगितलेली नाही.

उन्हात चढलेल्या सेलाची गोष्ट. आमच्या चाळीत ती सगळ्यांना पाठ आहे. ज्याची गोष्ट, तो दिनकरसुद्धा ती ऐकताना हसतो. मी मध्ये काही विसरलो तर आठवण करून देतो. आता तुम्हीच सांगा, यापेक्षा वाईट काय असेल? — थांबा, घाई करतोय. क्रमानं सांगतो.

मी ठाण्याला, माजिवड्याच्या नाक्यावरच्या लॉऱ्यांच्या गॅरेजात बॅटऱ्या बघतो. चार्जिंग, ॲसिड, शिसं. माझ्याकडे भोक नसलेली एकही पँट नाही. दिनकर माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा. त्याचे वडील, अण्णा, कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून. दिनकर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि डोक्यानं — हे मी त्याच्यासमोर कधी म्हटलं नाही — माझ्यासारखे दहा खिशात घालेल असा.

त्याच्या बोटीवरच्या मामानं त्याला परदेशातून एक इंजिन आणून दिलं होतं. खेळण्यातल्या विमानाचं, पण इंजिन खरं! लिंबाएवढं. चालू झालं की आवाज असा, की कल्याणच्या यार्डातल्या इंजिनांनी लाजावं. त्यात मिथिल स्पिरिट आणि एरंडेल घालावं लागे. दारूबंदीचे दिवस, तेव्हा स्पिरिटची बाटली घेऊन येताना एकदा हवालदारानं मला अडवलं, बूच काढून वास घेतला, आणि एरंडेलाच्या त्या नुसत्या वासानं बिचारा धावत सुटला तो — जाऊ दे. ही गोष्ट पुन्हा कधीतरी. मी वळसे घेतोय, कळतंय मला.

मुद्दा बॅटरीचा होता. मोटारीच्या प्लगमधून ठिणगी पडते. या इंजिनाच्या प्लगमध्ये मात्र केसासारख्या तारेची एवढीशी गुंडाळी असते. सुरू करताना तिला बॅटरी लावून तापवायचं. एकदा इंजिन पेटलं की बॅटरी काढून टाकायची, मग ती तार आपली आपण तापलेली राहते. सगळी अक्कल त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाची. तार लालसर राहिली तर इंजिन पेटत नाही. नारिंगी झाली तर पेटतं. पांढरी झाली तर तार जळून तुटते, संपलं. आणि दिनकरकडे प्लग एकच होता. मामाची बोट परत यायला दीड वर्ष.

म्हणून त्यानं बॅटरी निवडायला तीन महिने घेतले. तीन महिने! लोक इतक्या दिवसांत मुलगी बघून लग्न उरकतात. टॉर्चचे सेल त्यानं पाहिले — दहा सेकंदांत दमतात. ठाकुर्लीला त्याच्या आत्याकडे बॅटरीवरचा रेडिओ होता, त्याची दोन व्होल्टची काचेची बॅटरी पाहिली — चालेल, पण किंचित तेज, मध्ये लांब तार घालून तिचा जोर मोडावा लागेल, शिवाय ॲसिड सांडणार. माझी लॉरीची बॅटरी तर त्यानं हातही न लावता बाद केली. सहा व्होल्ट. “मन्या, ही लावली तर तार डोळ्यांनी दिसायच्या आत जाईल रे.” शेवटी त्यानं टेलिफोनला लावतात तो मोठा कोरडा सेल निवडला. दीड व्होल्ट. हिंगाच्या डब्याएवढा, पुठ्ठ्यात गुंडाळलेला. रेल्वेच्या कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाचा मीटर आणून तो सेल रोज मोजायचा आणि आकडा सेलवरच चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहायचा.

मला त्याचा राग यायचा. कबूल करायचं तर सगळंच करतो. सगळी चाळ बॅटरीचं मला विचारायची, आणि हा शेजारी बसून माझी बॅटरी बाद करतो? मला न विचारता?

हे सगळं कशासाठी, तेही सांगायला हवं. दक्षिणेत विमानांच्या कारखान्यात उमेदवारी करायला त्याला बोलावणं आलेलं. इकडे अण्णांनी साहेबाला धरून ठाण्याच्या कचेरीत त्याच्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवलेली. अण्णा आरडाओरडा करणारे नव्हेत. ते एवढंच म्हणाले, “तू बांधलेलं विमान माझ्यासमोर उडव. उडालं तर जा. मी ट्रंक स्वतः उचलून देईन.”

कल्याणच्या बाहेर लढाईच्या वेळची धावपट्टी आहे, तिथं आम्ही एका रविवारी सकाळी गेलेलो. आमची लॉरी त्या बाजूला विटा टाकून रिकामी परतणार होती, तिनंच. विमान बांबूच्या कांब्यांचं, वर पतंगाचा कागद, त्यावर व्हार्निश. दोन बारीक तारा विमानाला बांधायच्या, त्यांची मूठ धरून मध्ये उभं राहायचं, आणि विमान भोवती गोल फिरणार. अण्णा काळा कोट, टोपी, छत्री अशा थाटात आलेले. मुलगी बघायला निघाल्यासारखे.

दिनकर आणि अण्णा पट्टीवरचे खडे वेचायला आणि गोल आखायला लांब गेले. अण्णा स्वतः वाकून खडे वेचत होते — कोटाची मागची चूण मला अजून दिसते. विमानाजवळ मी आणि आमचा ड्रायव्हर काशिनाथ, माजिवड्याचाच. तो त्या सेलाकडे बघून हसला.

“काय रं मन्या, तुजी बाटरी आख्खी लॉरी उठवते, नं यो लिंबाएवरा इंजन उठवाला तो डबा आनलाय?”

बस्. एवढंच. कुणी माझ्या डोक्यावर पिस्तूल धरलं नव्हतं. मी लॉरीतून बॅटरी उतरवली. तीन खणांची बॅटरी, वर शिशाच्या पट्ट्या उघड्या. एकाच खणाला तारा लावल्या असत्या तर दोनच व्होल्ट मिळाले असते, आणि कदाचित काही बिघडलं नसतं. हे मला माहीत नव्हतं? रोजचं काम होतं ते माझं! पण काशिनाथ बघत होता. मी तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत लावल्या. इंजिनाच्या भोकातून पांढरा उजेड दिसला — लसणीची साल जळावी तेवढाच — आणि गेला.

“झाला?” काशिनाथनं विचारलं.

“झाला. टेस्ट केली,” मी म्हटलं. बॅटरी परत लॉरीत ठेवली. हात पँटीला पुसले.

तेव्हा ओरडून सांगता आलं असतं. दिनकर साठ पावलांवर होता. साठ पावलं ओलांडायला किती वेळ लागतो? मी ती अजून ओलांडतोय.

पुढचा तासभर दिनकर विमानाचा पंखा हातानं फिरवत राहिला. सेल लाव, पंखा फिरव. इंधन घाल, पंखा फिरव. बोट कापलं, त्याला रुमाल बांधून पुन्हा पंखा. अण्णा दोन्ही हात छत्रीवर ठेवून उभे. शेवटी त्यानं प्लग काढला, उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. तार तुटलेली होती.

“जळली,” तो म्हणाला. “पण कशी? काल संध्याकाळी तर नारिंगी होती. मन्या, कशी जळेल रे दीड व्होल्टवर?”

त्यानं मला विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा बॅटरीचं मला विचारलं. आणि मी काय केलं? सेलावर हात ठेवला. डांबरी पट्टीवर तासभर पडून तो तापला होता. मी डॉक्टरसारखी मान हलवली आणि म्हणालो, “उन्हात ठेवलास ना? चढला. कोरडा सेल उन्हात चढतो. दीडचा तीन होतो कधीकधी. गॅरेजात आम्ही म्हणूनच सावलीत ठेवतो.”

त्यातला एक शब्द खरा नव्हता. उन्हानं सेल लवकर सुकतो, चढत नाही. पण मी बॅटरीवाला. त्यानं मानलं. सेल सावलीत ठेवायचं सुचलं नाही, म्हणून तो स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होता, आणि मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो. हो — पाठीवर हात फिरवत होतो.

हेही इथं संपलं असतं तर कदाचित मी लिहिलं नसतं. परतताना लॉरीत अण्णांनी छत्री उघडून विमानावर धरली, कागद तडकू नये म्हणून. मग म्हणाले, “दिनकर, नाही उडालं ते दिसलं मला. पण तू तीन महिने काय केलंस तेही दिसलं. कारखान्याचं पत्र अजून आहे. जायचं असेल तर जा.”

दिनकर म्हणाला, “नको, अण्णा. मला साधा सेल ठेवता येत नाही. खऱ्या विमानात माणसं बसतात.”

मी समोर, हातभर अंतरावर बसलो होतो. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी काशिनाथला खिडकीतून ओरडून सांगितलं की पुढे खड्डा आहे, जपून.

नंतरच्या सोमवारी दिनकर कचेरीत रुजू झाला. सेल त्यानं मला दिला होता, “तुझ्या गॅरेजात टाकून दे.” मी टाकला नाही. मोजला. दीड. चांगला ठणठणीत. मग मी दाराला बेल बसवली, चाळीतली पहिली बेल, आणि सेल आतल्या खोक्यात ठेवला. चिठ्ठी निघेना, म्हणून ती बाजू भिंतीकडे केली.

चार वर्षं दिनकर त्याच सेलावर माझी बेल वाजवतोय. स्वारी कौतुकानं विचारते, “सेल उन्हात नाही ना रे?” आता तो सगळंच मला विचारून करतो. टॉर्च कुठला घेऊ. ही मुलगी बघून आलो, हो म्हणू का. खोलीला रंग कुठला. ज्यानं तीन महिने कुणाचं न ऐकता बरोबर तेच निवडलं, तो आता छत्री घेतानासुद्धा माझ्या तोंडाकडे बघतो. “तू म्हणालास ते बरोबरच असतं, मन्या.” आणि मी चौघांत ती गोष्ट सांगतो — उन्हात चढलेला सेल, कपाळावर मारलेला हात, सगळं अभिनयासकट. एका गणपतीत तर टाळ्या पडल्या.

काल संध्याकाळी बेल वाजली नाही. थोड्या वेळानं कडी वाजली. दारात दिनकर.

“मीच बटण नीट दाबलं नाही वाटतं,” तो म्हणाला.

“असेल,” मी म्हटलं.

आत्याच्या रेडिओला नवी बॅटरी घ्यायची होती, कुठली घेऊ विचारायला आलेला. मी सांगितली. त्यानं कागदावर लिहून घेतली, दोनदा वाचून दाखवली आणि गेला. मग मी खोकं उघडून सेल बाहेर काढला. भिंतीकडची बाजू चार वर्षांनी वर आली. पेन्सिलीचं अक्षर अजून स्वच्छ आहे. शुक्रवार, दीड. शनिवार, दीड, तार नारिंगी. रविवार सकाळ, दीड. ठीक.

सेल ठीक होता. दिनकरनं बरोबर निवडला होता. प्लग मी जाळला.

यात त्याचं नाव मी बदललेलं नाही. हे ज्या मासिकाला पाठवतोय, त्याचा अंक तो दर महिन्याला माझ्याकडूनच वाचायला नेतो. बेलला नवा सेल घातलेला नाही. तो येईल, कडी वाजवेल, आणि मी हे छापलेला अंक त्याच्या हातात देईन.