गोमूत्र शिंपलेली चौकट

सून खुटबावहून माहेरपण करून आली आणि तिनं बॅग ओसरीवर टेकवली. तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं सगळ्यांच्या देखत त्या बॅगेवर पाय वर केला. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होते, तशीच उंबऱ्यात थांबले. पिल्लू होता तेव्हापासून त्यानं ओसरी कधी ओली केली नव्हती. सून रडकुंडीला आली. आबा, म्हणजे माझे सासरे, खाटेवरूनच गरजले, "हाड! सुनंच्या बॅगंवर मुततो व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं देवघराच्या चौकटीवर तेच केलं. मी स्वतः पाहिलं आणि तरी मला खरं वाटेना. थोडंसंच होतं, पण ते त्या चौकटीवर, जिला मी रोज हळदीकुंकू लावते.

आमच्या घरात काही बाटलं की गोमूत्र शिंपतात. आबांनी गोठ्यातून गाईचं ताजं गोमूत्र तांब्यात धरून आणलं आणि आंब्याच्या पानानं चौकटीवर शिंपलं. कुत्रा लांबून बघत होता. आबा पाठमोरे झाले तसा तो आला, त्यानं हुंगलं आणि पुन्हा पाय वर केला. आबांनी दुसऱ्या सकाळी जास्त शिंपलं. त्यानंही सोडलं नाही. पुढं हे रोजचंच झालं. मी काठी उगारली तर तो कान पाडून बसायचा, पण नजर चौकटीवरच.

शेवटी आबांनी जेवताना माझ्या मुलाला सांगितलं, "सुट्टीला घरी असशील तवा ह्याला पोत्यात घाल आन् नदीपल्याड लांब सोडून ये. देवाला बाटवणारं जनावर मला दारात नको."

भीमेच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा कुत्रा त्यानं अंगणातून उचलला. अनोळखी जागी सोडलेला आमचा कुत्रा किती टिकला असता? मी जनावरांना घास कापायला जाते तेव्हा तो पुढं चालतो. तो थांबला की मी थांबते. माणसांत मला बोलणं सुचत नाही, पण वाटेनं त्याच्याशी मी किती तरी बोलते. तरी त्या वेळी मी नुसतं आबांच्या ताटात कालवण वाढलं.

त्याच आठवड्यात म्हशीची कास सुजली म्हणून जनावरांचे डॉक्टर आले. आबा बाजाराला गेले होते. सुनेनं धीर करून कुत्र्याचं विचारलं. मी गोठ्याच्या कुडाआड उभी राहून ऐकत होते.

डॉक्टरांनी आधी विचारलं, लघवीत रक्त दिसतं का, करताना विव्हळतो का, पाणी जास्त पितो का. सून सगळ्याला नाही म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुत्रा आहे?"

"हाय की. बॅगंवरच झोपायचा."

"मग तुमच्या बॅगेला परक्या कुत्र्याचा वास होता. तुमचा नर आहे. उभ्या वस्तूवर पाय वर करून थोडं थोडं करतो ना? ती खूण असते. घरात परका वास आला की दाराच्या चौकटीवरही, ही जागा माझी, असं तो सांगतो. तुम्ही ती जागा पुसता कशानं?"

"आबा गोमूत्र शिंपतात."

डॉक्टर हातातलं औषध तसंच धरून तिच्याकडे बघत राहिले. "अहो ताई, म्हणजे त्याच्या खुणेवर तुम्ही रोज दुसऱ्या जनावराची लघवी टाकताय! तो पुन्हा आपली टाकणारच."

आम्ही पवित्र करत होतो आणि त्याला ते भांडण वाटत होतं!

डॉक्टरांनी सांगितलं, चौकट कपड्याच्या पावडरीनं धुवा, साध्या पाण्यानं दोनदा पुसा, वाळू द्या. तो हुंगायला लागला की हाक मारून बाहेर न्या. झाल्यावर मारून उपयोग नाही, त्याला कळत नाही कशासाठी मारलं. नसबंदी केली तर बराच फरक पडतो, पण सवय मोडायला वेळ लागेल.

ते गेल्यावर सून म्हणाली, "आत्या, आबांना तुम्हीच सांगा. माझ्या बॅगंवरनं सुरू झालंय, मी कशी बोलू?"

लग्न होऊन आले तेव्हापासून मी आबांशी समोरासमोर बोलले नव्हते. काही सांगायचं तर मालकांकडून सांगायचे. या वेळी मालकांना सांगितलं, तर ते हसले, "गोमूत्रानं बाटतं म्हणून आबांना सांगू? मलाच पोत्यात घालतील."

सुट्टीच्या सकाळी मुलानं पोतं झटकलं. कुत्रा शेपूट हलवत त्याच्याकडे गेला, त्याला वाटलं खेळ आहे. आबा तांब्या घेऊन चौकटीपुढं वाकले होते.

"आबा, शिंपू नका."

आवाज माझाच होता. आबांच्या हातातलं पान खाली पडलं. मुलगा पोतं धरून तसाच उभा. मी पदर पुढं ओढला आणि जमिनीकडे बघत डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं, नसबंदीचं सुद्धा. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

आबा चौकटीकडं बघत म्हणाले, "म्हंजी बांधाचं भांडण. मी रोज ह्याचा बांध कोरत होतो व्हय?" मग कुत्र्याकडं बघून, "बैल बडवून खच्ची करत्यात, ते ठावं हाय. कुत्र्यालाबी करत्यात का आता?"

सून तोंडाला पदर लावून आत पळाली.

आबांनी तांब्या तुळशीत रिकामा केला आणि मुलाला ओरडले, "पोतं काय धरून बसलास? जा, पावडर आण तुझ्या आईला."

मी चौकट धुतली. फेस उंबऱ्याबाहेर गेला. कुत्रा आला, हुंगायला लागला. मी त्याला हाक मारली. तो माझ्यामागं अंगणात आला आणि कडुनिंबाशी त्यानं पाय वर केला.

ओसरीवरून आबांनी विचारलं, "वाळली का गं चौकट?"

मी मागं वळून पाहिलं. मालक नव्हते, मुलगाही नव्हता. विचारलं मलाच होतं.

"न्हाई अजून," मी म्हणाले.