चांदण्यातला बांबू

रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात, आमचं सूप-टोपल्यांचं दुकान म्हणजे घराची ओटीच. आईचा एक नियम होता: बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यातला बांबू भुंगा आतून पोखरतो. मला हे थोतांड वाटायचं. चार बुकं शिकले होते ना!

त्या वर्षी ताई तिसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. आधीची दोन्ही बाळं गेली होती. हे जगावं म्हणून त्याला आपण विणलेल्या कोऱ्या सुपात घालायचं, असं आई देवापुढे बोलली होती. तिचे गुडघे धरलेले, म्हणून बांबू आणायचं काम माझ्याकडे. आज जाते, उद्या जाते, करता करता अमावास्या उलटली. ताईचे दिवस भरत आले तेव्हा कुठे मी धावत गेले. चांदण्या पंधरवड्यातली एकादशी होती.

आईने बांबू नाकाशी धरला. "अवसेच्या आधीचा हाय ना गो?"

"व्हय. एका बाईने तोडून ठेवलेला."

तिने बांबू चिरून पातळ बेळं काढली, दोन दिवसांत सूप विणलं. मुलगी झाली. सुपात घातल्यावर ती अशी रडली, की आम्ही तिघी हसलो.

महिन्याभरात सुपाखाली पिठासारखी भुकटी दिसली. मी गुपचूप पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मुलीला ताप भरला. डॉक्टर झाले, औषधं झाली, ताप उतरेना. तापाचा नि भुंग्याचा काय संबंध, हे मला कळत होतं.  तरी मी देवाला हात जोडायची आणि पदराने भुकटी पुसायची. पाचव्या दिवशी मुलगी गेली.

ताईने सूप उचललं, तशी भुकटी तिच्या पायांवर सांडली. तीही याच ओटीवर वाढलेली, तिला नियम काय सांगायचा? तिने विचारलं, "चांदण्यात कुणी तोडला ह्यो?"

मी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "मीच धाडली हिला. तिथ मोजायला चुकले गो."

ते बोलताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ताई त्यानंतर आईशी कधीच बोलली नाही. आई गेली तेव्हा आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. मी तिच्या शेजारी उभी होते. तेव्हाही मी गप्पच राहिले.