उकळलेल्या पाण्याला गाव नसतं

“बसा म्हणलं ना!” मी ओरडलो. रखमाजी बसले. मी पाठ फिरवताच पुन्हा उठले.

कनेरगावच्या नाक्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांनी शाकारलेल्या मांडवात मी त्यांना अडकवून ठेवलं होतं. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते खरं बोलले होते.

मी आरोग्य खात्यात व्हॅक्सिनेटर होतो. व्हॅक्सिनेटर म्हणजे टोचणारा. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती, उन्हाळा होता आणि आमच्या मोगलाईत, निजामाच्या राज्यात, पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाली होती. कनेरगावापुढं पैनगंगा आणि पैनगंगेपलीकडं इंग्रजांचं वऱ्हाड. पलीकडं जाणाऱ्या प्रत्येकाला सुई टोचायची आणि तो पटकीच्या गावाहून आलेला असेल तर पाच दिवस मांडवात ठेवायचं, असा हुकूम होता. सुई टोचली की आजार अडला, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. तिचा गुण अंगात उतरायला दिवस लागतात.

म्हणून मी प्रत्येकाला विचारायचो, “गाव कोणतं?”

“कुरुंदा,” रखमाजी म्हणाले होते. तळहात हळदीनं पिवळे, पायात जाड वहाणा, मागं बायको सोजराबाई. कुरुंद्याला पटकी नव्हती. मी दोघांना टोचलं आणि सोडणारच होतो.

“देवाला निघाले का?” मी सहज विचारलं.

“न्हाई. बघायला.”

“काय बघायला?”

“पाणी,” रखमाजी म्हणाले. हळद शिजवून, वाळवून झाली की दरसाल ते एका नव्या दिशेला पायी निघायचे. प्रत्येक गावाची विहीर गाठायची, ओंजळभर पाणी प्यायचं, पुढं चालायचं. “घरं काय, सगळीकडं सारखीच. मारुती बी सारखाच. पाणी तेवढं आलग. औंढ्याचं हलकं. आमच्या कुरुंद्याचं जड, पोटात बसून राह्यतंय.” असं करत त्यांनी वाटेतली सगळी गावं सांगितली, आणि त्यात एक नाव असं घेतलं की माझा हात थांबला. त्या गावात त्याच आठवड्यात चिता पेटल्या होत्या.

“तिथलं पाणी पिलात?”

“व्हय. गोड हाय.”

मी त्यांना मांडवात बसवलं.

सोजराबाईंना त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याबरोबर त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या. मांडवातल्या बाया, नाक्यावरचा शिपाई, चहावाली, हिंगोलीहून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर लिंबाजी, कुणालाही त्या सोडत नसत. माहेर कुठलं, मामा कुठले, बहीण कुठं दिली. दुसऱ्या दिवसापर्यंत अर्ध्या मांडवाशी त्यांचं नातं निघालं होतं.

रखमाजी मात्र पिंजऱ्यातल्या जनावरासारखे येरझाऱ्या घालत. मी उकळलेलं पाणी द्यायचो, ते तोंड वाकडं करायचे.

“मास्तर, उकळलेल्या पाण्याला गाव न्हाई राहत.”

“पण पोट राहतं.”

“आन् विहिरीत ते लाल औषध बी तुमीच टाकता ना? सगळ्या गावाला एकच चव लावून ठेवली.”

खरं होतं. ते औषध म्हणजे पोटॅश. ते टाकलेली विहीर गुलाबी दिसते आणि पाणी कडवट लागतं. तालुक्यातल्या कितीतरी विहिरींत मीच ते टाकलं होतं. या माणसाचं जग मी पुसत चाललोय, असा विचार तोवर माझ्या मनात आला नव्हता. आला तरी मी औषध टाकणं थांबवलं नसतं. पण मलाही चैन पडेना. रोज इतक्या माणसांना मी नदीपार धाडत होतो आणि स्वतः कधी ओलांडली नव्हती. रात्रंदिवस तोच रस्ता, तीच धूळ, तेच दंड.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बस आली. चाळीसेक माणसं टोचून मान वर केली तर रखमाजी नाहीत.

“सोजराबाई, मालक कुठायत?”

“नदीला गेले आसतील. सकाळधरनं तिकडंच बघून राहिले होते. पायाला भिंगरी हाय त्यांच्या.”

मी सायकल काढली. पैनगंगा उन्हाळ्यात आटलेली. बायांनी वाळूत झिरा उकरला होता. झिरा म्हणजे वाळूतला खड्डा, त्यात खालून पाणी झिरपून येतं. घागरी घेऊन बाया रांगेत उभ्या, आणि झिऱ्याकाठी गुडघे टेकून रखमाजी. भरलेली ओंजळ तोंडाशी.

“रखमाजी, पिऊ नका!”

“येकच वंजळ, मास्तर. आमच्या मुलखाचं शेवटचं पाणी हाय हे.”

“तुमच्यासाठी नाही सांगत. तुमच्या पोटात पटकी असेल तर ती हाताला असणार. आणि हात तुम्ही या झिऱ्यात घातलेत.”

त्यांनी बायांकडं पाहिलं. एकीच्या कडेवर लेकरू होतं. त्यांनी पाणी खाली टाकलं, उठले आणि दूर जाऊन बसले. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, जणू ते दुसऱ्याचेच.

मी झिरा बुजवायला लागलो तशा बाया उसळल्या.

“आमचा झिरा काहून बुजवता? सकाळपासून उकरून राहिलो आमी!”

“दुसरा मी करून देतो.”

वरच्या अंगाला मी हातांनी वाळू उकरत बसलो. बाया कंबरेवर हात ठेवून सांगत होत्या, आणखी खोल, आणखी खोल. पाणी लागलं तेव्हा माझी बोटं सोलली होती.

रखमाजी माझ्या सायकलीमागून चालत आले. मांडवाशी आले आणि बसले. पहिल्यांदाच न सांगता बसले. मग त्यांना उलटी झाली.

पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी संपून. त्यावर इलाज सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी सुईनं शिरेत चढवायचं. ते हिंगोलीच्या दवाखान्यात. बैलगाडीनं सकाळ उजाडली असती. लिंबाजीची बस परत निघतच होती. पेट्रोल मिळत नसल्यानं ती कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढ आला की धापा टाकायची. तरी बसच ती.

“पटकीचा माणूस गाडीत? मालक हाकलून देईल मला,” लिंबाजी म्हणाला.

मी हुकूम दाखवला, दरडावलं, शेवटी हात जोडले. तो इंजिनापासून हलेना. तेवढ्यात सोजराबाई पुढं आल्या.

“लिंबाजी, काल तुमीच सांगितलं, माय हट्टा गावची. माझी सख्खी बहीण त्याच आळीत दिली हाय. म्या तुमची मावशी झाले का न्हाई?”

“झालात, पण...”

“मग मावशीला असं वाटंवर टाकून जाता?”

लिंबाजीनं बसचं दार उघडलं. बसमधली माणसं आपणच उतरू लागली. कुणी मायेनं, बरीचशी भीतीनं. मागच्या बाकावर आम्ही रखमाजींना निजवलं. मी सोजराबाईंना उकळलेल्या पाण्याचा तांब्या दिला आणि चमच्यानं पाजत राहा म्हणून सांगितलं. बस धूर सोडत गेली. नाका सोडायची मला परवानगी नव्हती. मी रस्त्यावर फेऱ्या मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आमचे इन्स्पेक्टरसाहेब आले ते तापलेलेच.

“बस में क्यों भेजा? मालिक चिल्ला रहा है. पूरी गाडी फिनाइल से धुलवानी पडी!”

“साहेब, माणूस जिवंत आहे का?”

“जिंदा है. वार्ड में बैठके दवाखाने के पानी को नाम रख रहा है.”

माझी एक वेतनवाढ त्या बसपायी थांबली. झिऱ्यावरच्या त्या बायांच्या गावात कुणालाही पटकी झाली नाही. त्याचं श्रेय मात्र कागदावर कुठंच आलं नाही, कारण न झालेल्या आजाराची नोंद होत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं पुन्हा नाक्यावर आले. सोजराबाई पुढं, रखमाजी मागं. त्यांनी मुकाट दंड पुढं केला आणि नदीकडं निघाले. सोजराबाईंनी शिपायाला त्याच्या बहिणीची खुशाली विचारली आणि मगच पाऊल उचललं.

मी मात्र “गाव कोणतं” हा प्रश्न कायमचा सोडून दिला. गाव कुणीही एकच सांगतं. त्याऐवजी विचारायला लागलो, “वाटंत पाणी कुठं कुठं पिलात?” मांडवात गर्दी वाढली, शिव्या वाढल्या, पण अडवायची ती माणसं बरोबर सापडू लागली.