गाऊनची ओटी

हळदकुंकू लागलेल्या नारळाचा वास आला की चकलांब्याचं ते लग्न आठवतं. शाळा सुटल्यापासून सुरतेला शिलाईवर बसलेली मी, स्वतः शिवलेला लांब गाऊन घालून गेलते. मांडवातली प्रत्येक कुजबुज माझीच वाटत होती. हिनं नवरा सोडला म्हणत असतील. सवाष्णींच्या ओट्या भरत नवरीची आई माझ्यापुढं येऊन थांबली. आता ही मला वगळणार, असंच वाटलं. शेजारची बाई म्हणाली, "मडमेला पदर कुठं हाय? वटी कशात घेती?" नवरीच्या आईनं स्वतःचाच पदर माझ्या ओंजळीवर पसरला. "यात घे, माय," म्हणत तिनं तांदूळ-नारळ घातला. ते पिशवीत ओतेपर्यंत आम्ही दोघी एकाच पदराला धरून उभ्या होतो. लग्नाला मी अजून गाऊनच घालते, पण पिशवीत ओढणी ठेवते.